सुंदर अक्षरांचा बेदखल धनी

संगणकावर इंग्रजी मजकूर लिहिताना फॉन्टची यादी उघडली, की बास्करव्हिल हे नाव अनेकांच्या नजरेस पडते. एखाद्या गावाचे किंवा कंपनीचे नाव असावे, असे समजून बहुतेक जण पुढे जातात. शेरलॉक होम्सच्या वाचकांना तेवढ्यापुरती त्या प्रसिद्ध शिकारी कुत्र्याची आठवण होते. वस्तुतः हे नाव अठराव्या शतकातील इंग्लंडमधील एका हाडामांसाच्या माणसाचे आहे. जॉन बास्करव्हिल हा आधी लेखनशिक्षक, मग कारखानदार आणि चाळिशी उलटल्यावर मुद्रक झाला. त्याने घडविलेली अक्षरे अडीचशेहून अधिक वर्षे लोटली, तरी वापरात आहेत. हयातीत मात्र या अक्षरांनी त्याला धन दिले नाही आणि आपल्याच देशात निर्विवाद मानही मिळवून दिला नाही. पत्र्याच्या वस्तूंच्या कारागिरीला कायद्याने संरक्षण दिले. अक्षरांच्या पाठीशी मात्र कोणताही कायदा उभा राहिला नाही. अक्षराचा मालक कोण, हा फॉन्टच्या परवान्यांमुळे आज वारंवार उपस्थित होणारा प्रश्न बास्करव्हिलच्या आयुष्यात आणि मृत्यूनंतरच्या कहाणीतही पावलोपावली भेटतो.

वुस्टरशर परगण्यातील किडरमिन्स्टरजवळच्या वुल्व्हर्ली या खेड्यात १७०६-०७ च्या हिवाळ्यात बास्करव्हिलचा जन्म झाला. विशीच्या आसपास, म्हणजे १७२६ च्या सुमारास, तो बर्मिंगहॅमला आला. हे शहर तेव्हा धातुकामाच्या कारागिरांचे म्हणून नावारूपाला येत होते. तेथे त्याने मुलांना सुंदर हस्ताक्षर शिकविण्याचा व्यवसाय पत्करला. व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवरचा सारा कारभार हाताने लिहिला जात असल्याने वळणदार अक्षराला त्या काळी बाजारात किंमत होती. जोडीला तो थडग्यांच्या शिळांवर अक्षरे कोरून देई. या कामाची जाहिरात म्हणून त्याने निरनिराळ्या वळणांची अक्षरे कोरलेली पाटीच्या दगडाची एक लहानशी फळी तयार केली होती. ती बर्मिंगहॅमच्या ग्रंथालयात जपून ठेवलेली आहे. टाकाच्या दाबाने रेघ कोठे जाड होते, कोठे बारीक होते, याचे ज्ञान त्याला लेखनातून मिळाले, तर कडा कशा रेखीव ठेवाव्यात, हे छिन्नीने शिकविले. पुढे त्याच्या टाइपात या दोन्ही विद्या एकत्र आल्या.

पैसा मात्र त्याने तिसऱ्याच धंद्यात मिळविला. १७३८ नंतरच्या काळात तो जपानिंगच्या व्यवसायात शिरला. पत्र्याची तबके, पेट्या, चौकटी यांवर रोगणाचे थरावर थर चढवून त्यांना आरशासारखी चकाकी आणण्याची ही कला युरोपात तेव्हा लोकप्रिय होती. धातूचे पातळ पत्रे तयार करून ते घासण्याच्या आपल्या पद्धतीसाठी बास्करव्हिलने १७४२ मध्ये पेटंट घेतले. अल्पावधीतच तो श्रीमंत झाला. शहराबाहेर इझी हिल नावाच्या जागेवर त्याने टुमदार घर बांधले, भोवती बाग केली. त्याची घोडागाडीही शहरात चर्चेचा विषय होती. तिच्या प्रत्येक फळीवर वेगळे चित्र रंगविलेले असल्याने ती गाडी म्हणजे त्याच्या कारखान्याचा चालताबोलता नमुनाच होता. सोनेरी जरीकाठाच्या पोशाखाची आवड असलेला हा कारखानदार सुखासमाधानात उर्वरित आयुष्य घालवू शकला असता.

१७५० च्या सुमारास मात्र त्याने छपाईचा ध्यास घेतला. इंग्लंडमधील मुद्रक पूर्वी प्रामुख्याने हॉलंडहून आणलेल्या टाइपावर अवलंबून असत. विल्यम कॅस्लनने १७२० च्या दशकापासून उत्तम देशी टाइप पाडण्यास प्रारंभ केल्यावर ही स्थिती पालटली. बास्करव्हिलला कॅस्लनविषयी आदर होता; पण सुधारणेला वाव आहे, असेही त्याचे ठाम मत होते. टाइप घडविण्याचे काम किचकट होते. पोलादी सळईच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे, तो ठसा तांब्याच्या तुकड्यावर ठोकून मातृका करायची आणि त्या मातृकेवर साचा बसवून शिशाच्या मिश्रधातूचे खिळे पाडायचे. ठशात केसाएवढी चूक राहिली, तरी ती हजारो खिळ्यांत उतरणार. बास्करव्हिल अक्षरांचे आकार ठरवी आणि जॉन हँडी हा कसबी कारागीर ते पोलादात कोरी. मनाजोगे एक अक्षर हाती येण्यापूर्वीच सहाशे पौंड खर्ची पडल्याचे बर्मिंगहॅमचा समकालीन इतिहासकार विल्यम हटन याने नमूद केले आहे. पहिले पुस्तक निघेपर्यंत सुमारे सात वर्षे गेली.

या अक्षरांचे वेगळेपण रेघेच्या वजनात होते. जाड रेघ अधिक ठसठशीत आणि बारीक रेघ अधिक नाजूक करून दोहोंमधील अंतर त्याने वाढविले. गोलाकार अक्षरांचा कल जवळजवळ सरळ उभा केला. अक्षरांच्या टोकांच्या बारीक पट्ट्या तासून रेखीव केल्या. रोमन लिपीतील मोठ्या ‘क्यू’ची झोकदार शेपटी आणि छोट्या ‘जी’चे खालचे उघडे वेटोळे ही तर त्याची सहीच म्हणता येईल. आज ज्याला आपण बोल्ड किंवा ठळक टाइप म्हणतो, तो प्रकार मात्र त्याच्या संचात नव्हता. पुस्तकाच्या मजकुरात एखाद्या शब्दावर भर द्यायचा, तर तिरपा टाइप, मोठी अक्षरे किंवा मोठा आकार वापरीत. साध्या अक्षराची जोडीदार म्हणून ठळक अक्षरे बाळगण्याची कल्पनाच अजून रूढ झालेली नव्हती.

इतकी नाजूक रेघ तत्कालीन छपाईत टिकणे कठीण होते. खरबरीत कागद आणि मऊ अस्तर असलेले यंत्र यांमुळे खिळा कागदात खोल रुते, शाई कडेला पसरे आणि बारीक रेघ फुगे. केवळ टाइप सुधारून भागणार नाही, हे बास्करव्हिलने ओळखले. त्याने यंत्राचे पितळी पृष्ठभाग अतिशय सपाट करून घेतले आणि मऊ अस्तराऐवजी कडक, पातळ अस्तर बसविले. जवसाचे तेल उकळून आणि मुरवून त्यात बारीक काजळी खलून गर्द काळी शाई बनविली. जाळीच्या रेषा न उमटणारा गुळगुळीत कागद जेम्स व्हॉटमनच्या गिरणीतून मिळविला. छापलेले कागद तो तापविलेल्या तांब्याच्या पत्र्यांमध्ये दाबून त्यांना झळाळी आणी. चकाकी आणण्याचे जपानिंगमधले जुने कसब येथेही त्याच्या कामी आले असावे. टाइप, शाई, कागद आणि यंत्र या चारही अंगांचा एकत्रित विचार करणारा असा मुद्रक त्या काळी विरळाच होता.

१७५७ मध्ये रोमन महाकवी व्हर्जिलच्या काव्यांचा ग्रंथ त्याने प्रसिद्ध केला. किंमत होती एक गिनी. आगाऊ वर्गणी भरणाऱ्यांत बेंजामिन फ्रँकलिन हा अमेरिकन मुद्रक आणि मुत्सद्दीही होता. त्याने तब्बल सहा प्रती नोंदविल्या. पानावर वेलबुट्टी नाही, चित्रांची गर्दी नाही. ऐसपैस समास आणि त्यात मोकळी श्वास घेणारी अक्षरे, एवढाच त्या पुस्तकाचा थाट होता. युरोपातील जाणकारांनी त्याची वाखाणणी केली. पुढल्याच वर्षी मिल्टनची काव्ये निघाली. त्यांच्या प्रस्तावनेत बास्करव्हिलने आपली भूमिका मांडली. अक्षरांच्या सौंदर्याचे आकर्षण आपल्याला पूर्वीपासूनच असून, पुष्कळ पुस्तके छापण्यापेक्षा मोजकी, पण मोलाची पुस्तके छापण्याची आपली इच्छा असल्याचे त्याने तेथे सांगितले.

मायदेशी मात्र कुरबुर सुरू झाली. बास्करव्हिलच्या अक्षरांतील रेघा फार बारीक आहेत, झळाळत्या कागदावरची ती गर्द काळी अक्षरे वाचून डोळे दुखतात, असा प्रवाद लंडनच्या पुस्तकव्यवहारात पसरला. १७६० च्या सुमारास अशाच एका टीकाकाराची फ्रँकलिनशी गाठ पडली. बास्करव्हिल साऱ्या देशाला आंधळे करून सोडणार, असे त्या गृहस्थाचे म्हणणे होते. फ्रँकलिनने त्याची परीक्षा घेण्याचे ठरविले. कॅस्लनच्या टाइपाचा नमुना-कागद घेऊन त्याने वरचा नावाचा भाग फाडून टाकला आणि हाच बास्करव्हिलचा टाइप म्हणून पुढे केला. गृहस्थाने तत्काळ त्या अक्षरांतील दोष दाखवायला सुरुवात केली. वाचताना डोळ्यांना होणाऱ्या त्रासाची तक्रारही केली. ज्या टाइपातील पुस्तके तो आयुष्यभर विनातक्रार वाचत आला होता, त्याच टाइपाला तो नावे ठेवीत होता. त्याची फजिती होऊ नये म्हणून फ्रँकलिनने त्याला खरा प्रकार सांगितला नाही; बास्करव्हिलला मात्र पत्राने कळविला. दोष अक्षरात होता, की नावाभोवती जमलेल्या पूर्वग्रहात, हे त्या पत्राने पुरेसे स्पष्ट केले.

याच काळात बास्करव्हिलची गाठ छपाईच्या परवान्यांशी पडली. इंग्लंडमध्ये बायबल आणि प्रार्थनाग्रंथ छापण्याचा अधिकार राजमुद्रक आणि ऑक्सफर्ड व केंब्रिज ही विद्यापीठे यांच्याकडेच होता. बास्करव्हिलने खटपट करून १७५८ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रकाचे पद मिळविले. ते मिळाले, तरी अटी जाचक होत्या. प्रार्थनाग्रंथाच्या दर हजार प्रतींमागे विद्यापीठाला ठरावीक रक्कम द्यावी लागे. स्वतःची यंत्रे, स्वतःचा टाइप आणि वर परवान्याचे शुल्क असा तो व्यवहार होता. १७६३ मध्ये त्याचे भव्य आकाराचे बायबल प्रसिद्ध झाले. इंग्रजी मुद्रणकलेतील श्रेष्ठ ग्रंथांत ते गणले जाते. त्याच्या १२५० प्रती छापल्या होत्या. विक्री मंदावली आणि उरलेल्या प्रती अखेर एका पुस्तकविक्रेत्याला देऊन टाकाव्या लागल्या. संघटित धर्मावर ज्याचा विश्वास नव्हता, त्याच माणसाने इंग्रजीतील एक अत्यंत देखणे बायबल छापावे आणि त्यातच खोट खावी, हा योगायोग विलक्षण म्हणावा लागेल.

या अनुभवाने तो खचला. सारी सामग्री विकून मोकळे होण्याचा त्याने प्रयत्न केला. पॅरिसमध्ये फ्रँकलिनमार्फत विचारणा झाली. आधी आठ हजार पौंडांची अपेक्षा होती, ती १७६७ मध्ये सहा हजारांवर आली. तरी गिऱ्हाईक मिळाले नाही. दरम्यान, छापखाना वापरण्याची मुभा त्याने रॉबर्ट मार्टिन या आपल्या सहकाऱ्याला दिली होती. पुढे बर्मिंगहॅममध्येच एक प्रतिस्पर्धी बायबल छापू लागल्यावर तो ईर्ष्येने पुन्हा कामाला लागला आणि १७७० नंतर होरेस, टेरेन्स, कॅटलस, ल्युक्रिशियस आदी लॅटिन कवी-नाटककारांच्या देखण्या आवृत्त्या त्याने काढल्या.

ज्या टाइपाला टीकाकार नावे ठेवीत होते, त्याची नक्कल मात्र केव्हाच सुरू झाली होती. १७६४ मध्ये ब्रिस्टॉल येथे जोसेफ फ्राय आणि त्याच्या भागीदारांनी टाइप फाउंड्री उभारली. तेथे आयझॅक मूर या कारागिराने बास्करव्हिलच्या वळणावर बेतलेला टाइप घडविला. बास्करव्हिलला त्याविरुद्ध काहीही करता येणे शक्य नव्हते. पत्र्याच्या पद्धतीचे पेटंट मिळत होते, पुस्तकाच्या मजकुरावर लेखक-प्रकाशकांचा हक्क कायदा मान्य करीत होता. पण अक्षराच्या आकारावर हक्क सांगण्याची सोय नव्हती. ठसे आणि मातृका हीच काय ती मालकी. एखाद्याने नवे ठसे कोरून तेच वळण उचलले, तर त्याला चोरी म्हणता येत नव्हती.

बास्करव्हिलच्या घरगुती आयुष्यावरही समाजाची नजर होती. सेरा ईव्ह्ज ही स्त्री आपल्या मुलांसह त्याच्या घरी गृहव्यवस्थापक म्हणून आली होती. तिचा पती गैरव्यवहाराच्या भानगडीत अडकून परागंदा झाला होता. कालांतराने ती आणि बास्करव्हिल पतिपत्नीप्रमाणे राहू लागली. पहिला पती जिवंत असेपर्यंत विवाह शक्य नव्हता. तो १७६४ मध्ये वारला आणि लवकरच त्यांनी लग्न केले. सेरा केवळ घर सांभाळीत नव्हती. छपाईच्या कामातही तिचा हात असे आणि बास्करव्हिलच्या पश्चात टाइपाचा व्यवसाय काही काळ तिनेच पाहिला.

८ जानेवारी १७७५ रोजी बास्करव्हिलचे निधन झाले. चर्चच्या आवारात दफन करू नये, आपल्याच जमिनीवरील शंकूच्या आकाराच्या जुन्या गिरणीत पुरावे, असे त्याने मृत्युपत्रात बजावले होते. त्याप्रमाणे झाले. टाइपाला इंग्लंडमध्ये गिऱ्हाईक मिळेना. अखेर १७७९ मध्ये फ्रेंच नाटककार बोमार्शे याने तो ३७०० पौंडांना विकत घेतला. व्हॉल्तेअरचे समग्र साहित्य छापण्याचा त्याचा संकल्प होता. फ्रान्समध्ये व्हॉल्तेअरच्या अनेक ग्रंथांवर बंदी असल्याने बोमार्शेने सीमेपलीकडे जर्मन मुलखातील केल येथे छापखाना थाटला आणि १७८० च्या दशकात ७० खंडांची आवृत्ती काढली. इंग्लंडने नाकारलेला टाइप अशा रीतीने फ्रेंच प्रबोधनाच्या कामी आला.

इकडे बास्करव्हिलच्या अस्थींनाही विसावा मिळाला नाही. इझी हिलचे घर १७९१ च्या दंगलीत जाळले गेले. पुढे तेथे कालव्याचा धक्का झाला आणि १८२० च्या सुमारास खोदकामात त्याची शवपेटी सापडली. ती काही काळ एका गोदामात पडून होती. उघडून पाहिल्यावर देह बराचसा टिकलेला आढळला आणि बघ्यांची रीघ लागली. १८२९ मध्ये ती गुपचूप ख्राइस्ट चर्चच्या तळघरात ठेवण्यात आली. ते चर्च पाडायचे ठरल्यावर १८९८ मध्ये ती वॉरस्टोन लेन येथील दफनभूमीत हलविली गेली. चर्चच्या भूमीला आयुष्यभर नकार देणाऱ्या माणसाला अखेर तिचाच आसरा घ्यावा लागला.

अक्षरांचे पुनरागमन मात्र दिमाखदार ठरले. ठसे फ्रान्समधील एका फाउंड्रीकडून दुसरीकडे जात टिकून राहिले होते. १९१७ मध्ये अमेरिकन ग्रंथरचनाकार ब्रूस रॉजर्स याच्या पाहण्यात या टाइपाचा जुना नमुना आला आणि त्याने पॅरिसमधील मूळ मातृकांचा माग काढला. १९२३ मध्ये मोनोटाइप कंपनीने नव्या यंत्रांसाठी बास्करव्हिल टाइप बाजारात आणला आणि तो जगभरच्या पुस्तकांत रुळला. मूळ ठसे १९५३ मध्ये देबर्नी अँड पेन्यो या फ्रेंच फाउंड्रीचे शार्ल पेन्यो यांनी केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयाला भेट दिले. ज्या विद्यापीठाने एकेकाळी शुल्क आकारून छपाईची मुभा दिली होती, त्याच्याकडेच ही ठेव पावणेदोनशे वर्षांनी परतली.

आज बास्करव्हिलचा ठळक प्रकारही मिळतो. पण तो त्याच्या हातचा नव्हे. ठळक अक्षरे साध्या मजकुराची जोडीदार झाली ती एकोणिसाव्या शतकात. लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीत रॉबर्ट बेस्ले याने १८४५ मध्ये काढलेला क्लॅरेंडन हा त्यातला महत्त्वाचा टप्पा. तोवर नमुन्यांच्या नोंदणीचा कायदा आला होता. बेस्लेने त्याखाली टाइपाची नोंदणी केली. पण संरक्षण अवघे तीन वर्षांचे होते. मुदत संपताच नकलांचा पूर आला. बास्करव्हिलची ठळक अक्षरे विसाव्या शतकातील रचनाकारांनी जोडली. हे काम वाटते तितके सोपे नसते. सारीच रेघ सारखी जाड केली, तर जाड-बारीक रेघांचा तोल जातो आणि अक्षरांतील पोकळी बुजतात. म्हणून ठळक अक्षर स्वतंत्रपणे आखावे लागते. ते संचात नसेल, तर संगणक साध्या अक्षराच्या कडा फुगवून वेळ निभावून नेतो आणि छापून आल्यावर अक्षरे चिखलात लोळल्यासारखी दिसतात.

मायक्रोसॉफ्ट ऑफिससोबत आलेला बास्करव्हिल ओल्ड फेस हा फॉन्ट याचेच उदाहरण होय. त्यात स्वतंत्र ठळक प्रकार नाही. बोल्डचे बटण दाबले, की असा फुगविलेला अवतार दिसतो. आणखी गंमत म्हणजे हा फॉन्ट बास्करव्हिलच्या ठशांवरून नव्हे, तर फ्रायच्या फाउंड्रीतील आयझॅक मूरच्या अक्षरांवरून आलेला आहे. मूळ धन्याचे नाव नकलेला मिळाले आणि तेच घरोघरच्या संगणकांवर पोहोचले. याउलट झुझाना लिचको या रचनाकर्तीने १९९६ मध्ये बास्करव्हिलवरून प्रेरणा घेऊन आखलेल्या फॉन्टला ‘मिसेस ईव्ह्ज’ हे सेराचे नाव दिले. त्यात तिने जाड आणि बारीक रेघांमधील अंतर जाणीवपूर्वक कमी केले. अडीचशे वर्षांपूर्वीच्या टीकाकारांना जणू ते उशिरा दिलेले उत्तर होते.

मालकीचा प्रश्नही पूर्णपणे सुटलेला नाही. अमेरिकेत अक्षरांच्या आकाराला कॉपीराइट मिळत नाही. फॉन्टची संगणकीय फाइल मात्र सॉफ्टवेअर म्हणून संरक्षित ठरते आणि नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी होऊ शकते. म्हणूनच फॉन्ट विकत घेणाऱ्याला बहुधा अक्षरे मिळत नाहीत, ती ठरावीक अटींवर वापरण्याचा परवाना मिळतो. बास्करव्हिलच्या अक्षरांवर आता कोणाचीच मालकी उरलेली नाही. त्यांवरून केलेल्या फाइलींवर मात्र अनेकांची आहे. १७४२ च्या पेटंटची आठवण अभ्यासकांखेरीज कोणाला नाही. इझी हिलच्या जागी उभ्या असलेल्या बास्करव्हिल हाउससमोर १९९० मध्ये एक शिल्प बसविण्यात आले. पोर्टलँडच्या दगडातले ते प्रचंड खिळे आहेत. त्यांवरची अक्षरे ठशाप्रमाणे उलटी कोरलेली असून, ती ओळीने वाचली, की व्हर्जिल हे नाव तयार होते.